बुडाचा जोड

पणदऱ्यात आमचं ट्रॉल्यांचं वर्कशॉप आहे. उसाच्या ट्रॉल्या, गोठ्यांची फाटकं, मोडके नांगर असं सगळं तिथं येतं. आजोबांपर्यंत आमच्या घरात मेंढरं होती. वडिलांनी, म्हणजे तात्यांनी, मेंढरं विकून वेल्डिंगचं मशीन घेतलं आणि पुढं मी बारामतीच्या आयटीआयमध्ये रीतसर वेल्डिंग शिकले. वर्गात मुलगी मी एकटीच होते. धाकट्या भावाला या कामाची कधीच ओढ नव्हती. त्याला चालवायला काहीतरी लागायचं. ट्रॅक्टर, टेम्पो, जे हाताला लागेल ते. तो सैन्यात गेला आणि तिथंही ड्रायव्हरच झाला. कुठली गाडी चालवतोस म्हणून विचारलं की सांगायचा, "मोठी हाय आक्का. आपल्या ट्रॉलीपेक्षा उंच." एवढंच. आम्हीही त्याच्या पुढं कधी खोदून विचारलं नाही.

त्या दिवशी दुपारी मी एका ट्रॉलीच्या मागच्या उघडझापीच्या फाळक्याला ग्राइंडर मारत होते. खिशातला फोन थरथरला. नंबर ओळखीचा नव्हता. पलीकडं सैन्यातले कुणी अधिकारी होते, हिंदीत बोलत होते. भावाचं नाव घेऊन, तुम्ही त्याच्या बहीण का, असं विचारलं. मी हो म्हटलं आणि ग्राइंडर खाली ठेवला. तशीच ट्रॉलीच्या चाकाला टेकून खाली बसले. ते सांगत होते की त्याच्या गाडीखाली सुरुंग फुटला, पण तो जिवंत आहे, दवाखान्यात आहे, घाबरू नका. मग त्यांनी फोन त्याच्याकडं दिला.

"आक्का! मी ठीक हाय!" तो एवढ्या जोरात ओरडला की समोर उभ्या असलेल्या तात्यांनाही ऐकू गेलं.

"अरे, कुठं लागलंय तुला?"

"मी ठीक हाय! सगळी ठीक हायत!"

"कुठं लागलंय म्हणते मी!"

"आईला सांग, जेवलो म्हणावं!"

माझ्या एकाही प्रश्नाला त्याचं उत्तर येईना. तो आपला ओरडतच होता. मग त्या अधिकाऱ्यांनी फोन परत घेतला आणि हळूच सांगितलं, त्याला सध्या ऐकू येत नाही, कानाचे पडदे फाटलेत, भरून येतील.

महिना-दीड महिन्यानं तो रजेवर घरी आला. एका कानानं ऐकू यायला लागलं होतं. पाठीच्या मणक्याला मार होता म्हणून कमरेला पट्टा होता. बाकी माणूस सगळाच्या सगळा होता. आई त्याचे हात, पाय, बोटं एकेक करून चाचपून बघत राहिली. तो म्हणाला, "मोजून घे, सगळं हाय."

पहिले दोन दिवस तो नुसता झोपला. तिसऱ्या दिवशी सकाळी वर्कशॉपच्या दारात खुर्ची टाकून बसला आणि आपण होऊन सांगायला लागला. तात्या वेल्डिंगच्या रॉडचा खोका हातात घेऊन तसेच उभे राहिले.

सीमेकडचा डोंगराळ भाग. कुठं ते त्यानं सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. तिथं रोज सकाळी सैन्याच्या गाड्यांचा ताफा सुटायच्या आधी रस्ता तपासावा लागतो. पुढं पायी चालणारे जवान असतात, यंत्र आणि कुत्रा घेऊन जमीन हुंगत जाणारे. त्यांच्या मागं याची गाडी. आत दहा जवान. पायी चालणाऱ्यांच्या नजरेतून एखादा सुरुंग सुटलाच तर तो साध्या ट्रकखाली फुटू नये, याच गाडीखाली फुटावा, म्हणून ती पुढं ठेवलेली. शिवाय कुणाला गोळी लागली तर तिथून उचलून आणायचं कामही तिचंच.

"म्हंजे सुरुंगावरनं जायचं हेच तुझं काम?" तात्यांनी विचारलं.

"जायचं असं न्हाय तात्या. गेलोच तर निभावायचं."

त्या दिवशी एका वळणावर दरड घसरून रस्ता अरुंद झाला होता. त्यानं डावं चाक कडेच्या मातीवर घातलं. पायी माणसं तिथून गेली होती. पण सुरुंग खोल पुरलेला होता, माणसाच्या वजनाला फुटला नव्हता.

"आवाज आलाच न्हाय," तो म्हणाला. "म्हंजे झाला आसंल, मला आला न्हाय. गाडी उचलली एवढं कळलं. पोटात गोळा आला, जत्रेतल्या पाळण्यात येतो तसा. मग आदळली. पुढं काचंतून नुसती माती. डावीकडं कललो होतो. मागं वळून बघितलं तर सगळा धुरळा. मी नावं घेऊन हाका मारल्या. त्यांचे व्हट हालताना दिसायचे, ऐकू काय येईना. मग मी वरडलो, हात वर करा! आन आक्का, एकेक हात वर यायला लागला. मोजले. धा. एकाचं खांद्याचं हाड मोडलं हुतं, त्यानं दुसरा हात वर केला. एकाचे दात पडले हुते. पर धाच्या धा."

बोलताना त्यानं स्वतःचा हात वर केला होता, आणि तो खाली घ्यायचं त्याच्या लक्षात राहिलं नाही.

पुढं डोंगरावरून गोळीबार सुरू झाला. त्यांनी दार उघडलं नाही. काचेवर गोळ्या बसत होत्या, पांढरे ठिपके उमटत होते, काच फुटत नव्हती. छतावरच्या बंदुकीवर बसलेला जवान उत्तर देत होता. मग मागून तसलीच दुसरी गाडी उलटी येत येत याच्या गाडीला पाठ लावून उभी राहिली. दाराला दार भिडलं. बाहेर पाऊल न टाकता जखमी माणसं एका गाडीतून दुसऱ्या गाडीत गेली. नंतर शोधलं तर पुढचं डावं चाक आक्साच्या, म्हणजे चाकाच्या दांड्याच्या, तुकड्यासकट खालच्या ओढ्यात सापडलं. चाक असंच तुटून जावं म्हणून बसवलेलं असतं, असं तो म्हणाला. चाक जातं, माणसं राहतात.

तात्यांनी खोका खाली ठेवून विचारलं, "लोखंड किती जाड हाय रं खाली?"

"जाड हाय, पर नुसत्या जाडीनं वाचलो न्हाय. आकारानं वाचलो. तिचं बूड सपाट न्हाय. होडीगत हाय, मधी टोक खाली."

तात्यांना ते पटेना. चाळीस वर्षं त्यांनी सपाट बुडाच्या ट्रॉल्या केल्या. भाऊ उठला, कंबर धरत मला म्हणाला, "आक्का, पत्र्याचे दोन तुकडे दे. एक मधी दुमड."

मी एक तुकडा तसाच ठेवला आणि दुसरा मधोमध वाकवला. वर्कशॉपच्या मागं विहिरीच्या मोटारीचा पाइप होता. त्यानं मोटार चालू करायला लावली, पाइपाचं तोंड आभाळाकडं धरलं आणि तात्यांना म्हणाला, सपाट पत्रा वरून आडवा धरा. तात्यांनी धरला. पाण्याचा लोट पत्र्यावर बसला आणि पत्रा त्यांच्या हातातून उडून मागं पडला. सगळे भिजलो. मग त्यानं वाकवलेला पत्रा दिला, टोक खाली करून. तात्यांनी या खेपेला दात-ओठ खाऊन धरला. पाणी टोकावर आलं, दोन्हीकडं फाकलं आणि बाजूनं निघून गेलं. पत्रा जरासा हलला, एवढंच.

तात्या पत्रा धरून तसेच उभे राहिले. पाणी त्यांच्या दोन्ही बाजूंनी उडत होतं. चेहऱ्यावर लहान मुलासारखं काहीतरी आलं होतं. "आयला," ते म्हणाले, आणि पुन्हा एकदा, हळू आवाजात, "आयला."

त्यानंतर मोटार बंद करू म्हणून आम्ही दोनदा सांगूनही त्यांनी हात काढला नाही.

भावाच्या त्या रजेतच दुसरी गोष्ट घडली. इंदापूरहून एका ट्रॉलीचा आक्स आणायचा होता. टेम्पो मी चालवत होते, तो शेजारी. बसल्या बसल्या तो पाय वर घेऊन डॅशबोर्डला लावायचा. मी टोकलं तर म्हणाला, "सवय हाय. त्या गाडीत पाय जमिनीला टेकायचे न्हाईत. सीटबी छताला टांगलेलं आसतं. खालनं दणका बसला की जमीन वर येती, पाय तितं आसला तर मोडतो."

हायवेला एका ढाब्यासमोर लांबलचक ट्रेलर उभा होता. वर ताडपत्री टाकलेलं काहीतरी उंच. भाऊ एकदम सावरून बसला. "थांबव." मी थांबवलं. ताडपत्रीचं एक टोक सुटून फडफडत होतं आणि त्याखालून माणसाच्या छातीएवढं चाक दिसत होतं.

"आक्का, तीच हाय."

नवी कोरी होती, कुठल्या तरी पलटणीकडं निघालेली. सोबत एक जवान होता, साताऱ्याकडचा. भावानं त्याला ओळखपत्र दाखवलं, दोघं बाजूला जाऊन बोलले. जवान भावाच्या कमरेच्या पट्ट्याकडं बघत होता. मग त्यानं भावाच्या खांद्यावर हात ठेवला. परत येऊन मला म्हणाला, "ताई, फोन गाडीत ठेवा. दोन मिनिटं बघा, हात लावला तरी चालंल."

ट्रेलरवर चढायला भावानं खालून हात दिला. मी चढले. बाकीचे लोक अशी गाडी बघताना बहुतेक बंदूक, काचा, दारं बघत असतील. मी सरळ पाठीवर झोपून तिच्या खाली सरकले. ओढणी ग्रीसला लागली. वर बघितलं.

जाड पोलादाच्या दोन प्रचंड पाट्या दोन्हीकडून उतरत येऊन माझ्या नाकासमोर एकमेकींना मिळाल्या होत्या. त्यांच्या मधून पुढून मागपर्यंत एक जोड गेला होता. रंगाखाली असूनही लाटा दिसत होत्या, एकसारख्या, जवळजवळ, जणू एकाच दमात भरलेल्या. मी हातमोजा नसलेला हात वर केला आणि बोट फिरवत निघाले. वेल्डरला जोड बोटानं वाचता येतो. रॉड संपला की थांबावं लागतं, नवा लावून तिथून पुन्हा उचलावं लागतं. त्या जागी गाठ राहते. माझ्या ट्रॉल्यांना तशा गाठी असतात, मी त्या ग्राइंडरनं घासून टाकते. इथं बोटाला गाठ लागेना. बरंच चाचपल्यावर एका जागी अगदी बारीक चढ लागला, भाकरीच्या पिठात राहिलेल्या कोंड्याएवढा. म्हणजे माणसानंच भरला होता. मशीननं नव्हे. कुणीतरी इथं थांबून रॉड बदलला होता, घाम पुसला असेल, पुन्हा तोंडावरची काच खाली ओढून सुरू केलं होतं.

जोडाच्या कडेला पोलादात ठोकलेला एक आकडा होता. तीन अंक. मी ते बोटानं वाचले.

खालून भाऊ म्हणाला, "काय दिसतंय?"

मी बोट जोडावरच ठेवलं. असाच कुणीतरी भरलेला जोड त्याच्या पायाखाली होता, सुरुंग आणि त्याच्यामध्ये, आणि तो उघडला नव्हता. त्या माणसाला माझा भाऊ माहीत नव्हता. त्याच्यासाठी ते एका दिवसाचं काम होतं. जेवणाच्या सुट्टीत त्यानं डबा खाल्ला असेल, आणि संध्याकाळी घरी गेला असेल. मी पाठीवर पडल्या पडल्या दोन्ही हात जोडले. बाहेरून ते कुणाला दिसणार नव्हतं.

उतरल्यावर मी आकड्याचं सांगितलं तेव्हा भावानं विचारलं, "आकडा कसला गं तो?"

"वेल्डरचा आसंल."

"म्हंजे कोण हे शोधता येईल?"

"त्यांना येईल. आपल्याला न्हाय."

साताऱ्याच्या जवानानं आम्हाला चहा पाजला. निघताना भाऊ त्याला म्हणाला, "पाय जमिनीवर न्हाय, टांगल्या फळीवर ठेवा म्हणावं सगळ्यांना. आन पट्टा. पट्टा न लावणारा डोकं आपटून जातो." आणि मग, "ही प्रत्येक येळंला वाचवतीच असं न्हाय. आमी वाचलो."

इंदापुरातून आक्स घेऊन परत निघालो. भवानीनगर मागं पडल्यावर मी म्हटलं, "मला ते काम करायचंय." तो हसला नाही. "मग कर," म्हणाला.

आमच्या भागात अशा गाड्यांचे सांगाडे जोडणारा एक कारखाना आहे, हे मला तोवर ऐकूनच माहीत होतं. चौकशी केली, अर्ज दिला. तात्यांना सांगताना धाकधूक होती. वर्कशॉप निम्मं माझ्यावर होतं. ते म्हणाले, "जा. ट्रॉल्या मी बघतो."

तिथं आम्हाला शिकवायला एक वयस्क गृहस्थ होते, इंदापूर तालुक्यातले. सगळे त्यांना मास्तर म्हणत. आवाज कधी चढवायचे नाहीत. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या हातात रॉड धरायचा होल्डर दिलाच नाही. खडू दिला. ठरावीक उष्णतेला वितळणारा खडू असतो तो. हे पोलाद थंड असताना जोडायचं नाही, आधी हळूहळू तापवायचं, आणि पुरेसं तापलं की नाही ते खडूची रेघ ओढून बघायचं. रेघ पाण्यासारखी झाली की तापलं. आठवडाभर मी रेघाच ओढत होते.

मग चाचणीसाठी जोडायची पाटी मिळाली. मी मन लावून भरली. एक थर, साफ करायचा, बघायचा, मग दुसरा. शेवटचा थर पूर्ण करून काच वर केली तेव्हा मला तो जोड देखणा वाटला. शेजारचे दोघंतिघं येऊन बघून गेले. मास्तरांनी नुसती मान हलवली. "परवा बघू," म्हणाले.

"परवा का?"

"हे लोखंड लगेच बोलत नाही, ताई."

तिसऱ्या दिवशी तपासणीचं यंत्र आलं. जोडावर वंगणासारखं काहीतरी फासून मास्तर त्यावरून एक लहानसा ठोकळा सरकवत गेले. पडद्यावर सरळ रेघ चालली होती. एका जागी तिनं टोक काढलं. ते मागं आले, पुन्हा गेले. पुन्हा टोक. त्यांनी खडूनं त्या जागी गोल काढला.

"इथं तडा आहे."

मी वाकून बघितलं. काही दिसत नव्हतं. भिंग लावून बघितलं, तरी नाही. मला राग आला. इतक्या वर्षांत माझा एकही जोड सुटून परत आला नव्हता, असं मी त्यांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "रॉड ओव्हनमधून काढल्यावर किती वेळ बाहेर होते?"

रॉड कोरडे राहावेत म्हणून तिथं ते गरम ओव्हनमध्ये ठेवतात. मला आठवलं. जेवायला जाताना मी चार रॉड टेबलावर ठेवले होते, आल्यावर तेच वापरले. घरी तर खोका उघडाच पडलेला असतो. रॉडनं हवेतला ओलावा ओढला होता. तो जोडात शिरला होता, आणि सगळं थंड झाल्यावर, मी घरी झोपले असताना, आतल्या आत तडा गेला होता.

"तुमच्या ट्रॉलीला रोज थोडे थोडे धक्के बसतात," मास्तर म्हणाले. "ती हळूहळू सांगते, इथं दुखतंय. हिला एकदाच बसणार."

त्यांनी तो जोड मलाच खरवडून काढायला लावला. गोल केलेल्या जागेपाशी खोल गेल्यावर मला तो दिसला. केसाहून बारीक, दोन बोटं लांब. मी बराच वेळ त्याच्याकडं बघत राहिले. एवढ्याशा रेघेतून ते सगळं आत आलं असतं, त्या दहा हातांवर.

दुसरी पाटी पास झाली नाही. त्यात काही वेगळं चुकलं होतं. तिसरी झाली. मास्तरांनी मला ठोकायचे आकडे दिले. तीन अंकी नंबर. भरलेल्या प्रत्येक जोडाच्या कडेला ते ठोकायचे, म्हणजे उद्या काही झालं तर हात कुणाचा ते कळावं.

भावाला फोन केला. तो परत पलटणीत गेला होता, पण वैद्यकीय तपासणीनंतर त्याला मोहिमेवरची गाडी चालवायला मनाई झाली होती. आता तो नव्या ड्रायव्हरांना शिकवत होता. पहिल्यांदा त्याला ते लागलं होतं. नंतर रमला.

"नंबर मिळाला," मी म्हटलं.

"किती?"

मी सांगितला. त्यानं तो दोनदा म्हणून घेतला. मग म्हणाला, "आता हितं नवी गाडी आली की मी खाली जाऊन बघणार. पोरं म्हणतील सायेब येडं झालंय."

माझा हात लागलेला पहिला सांगाडा पूर्ण झाला तो हिवाळ्यात. बुडाचं काम सांगाडा उताणा ठेवून करतात, त्यामुळं कित्येक आठवडे मी तो पालथ्या होडीसारखाच बघत आले होते. चढून, वाकून, त्याच्यावर बसून. सगळ्या तपासण्या झाल्या आणि एका सकाळी त्याला सुलटा करायचा ठरलं. क्रेनचे पट्टे लावले. मास्तरांनी सगळ्यांना पिवळ्या रेघेच्या बाहेर घेतलं. ग्राइंडर बंद झाले. एवढ्या मोठ्या शेडमध्ये नुसता क्रेनच्या मोटारीचा आवाज राहिला.

तो उचलला गेला, अधांतरी थांबला, आणि हळूहळू, फार हळू, फिरायला लागला. इतकं वजन इतकं सावकाश फिरताना मी कधी बघितलं नव्हतं. शेडच्या वरच्या काचांतून उन्हाचा पट्टा येत होता. बूड त्या पट्ट्यातून गेलं तेव्हा जोड पुढून मागपर्यंत चमकून गेला, आणि मग सावलीत, खाली गेला. आता ते टोक जमिनीकडं होतं. जिकडं असायला हवं तिकडं.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. तिथं तशी पद्धत नाही. शेजारच्या वेल्डरनं हेल्मेट काढून काखेत धरलं होतं, मीही काढलं होतं, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

सांगाडा ठेपांवर टेकल्यावर मास्तर वाकून खालून एकदा बघून आले. "ठीक," म्हणाले. मग आक्स बसवणाऱ्यांना हाक मारली, आणि आम्ही पुढच्या पाट्या तापवायला घेतल्या.